अंश आणि छेद

मोबाईल फोनच्या पडद्यावर कोपऱ्यात चार-पाच चढत्या काड्या असतात. त्या भरलेल्या असल्या की माणूस निर्धास्त होतो. एकच उरली की तो उठून खिडकीपाशी जातो, गच्चीवर चढतो, फोन हातात उंच धरून आभाळाला दाखवतो. या काड्यांना आपण ‘रेंज’ म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ पल्ला. पण आपल्या बोलण्यात तो ताकद या अर्थाने रुळला. ताकद आहे म्हणजे ऐकू येणारच, असे आपले साधे समीकरण. ते किती लटके आहे हे पाहायचे असेल तर विसर्जनाच्या रात्री बेळगावच्या मिरवणुकीतून घरी फोन लावून पाहावा. टॉवर समोरच्या इमारतीवर दिसतो आहे, काड्या सगळ्या भरलेल्या आहेत, आणि फोन लागत नाही. लागलाच तर पलीकडचा शब्द तुटत तुटत येतो. ढोल-ताशांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजूच्या शांत बोळात शिरले तरी तेच.

मी पंचवीस-सव्वीस वर्षे महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. बिनतारी संदेशवहनाचा भाग सुरू झाला की पहिल्या तासाला मी मुलांना विचारीत असे : दूरचा आवाज नीट पोचत नसेल तर काय कराल? दरवर्षी मुले बदलत, उत्तर बदलत नसे. ‘पॉवर वाढवू, सर.’ हे उत्तर त्या मुलांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते. ते त्यांनी घरातून, गल्लीतून, सभांतून आणलेले होते. ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे, हे आपल्याकडे कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही. या उत्तराचीच मला येथे थोडी तपासणी करायची आहे. ते तांत्रिकदृष्ट्या अपुरे आहे हे तर झालेच; पण त्यात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे असे मला वाटत आले आहे.

टॉवरवरून निघालेली लहर आपल्या हातातल्या फोनपर्यंत येईतो इतकी क्षीण होते की पदरात पडणारी शक्ती पुष्कळदा एका मिलिवॅटच्या अब्जाव्या भागाइतकीच असते. तेवढ्यात काम भागते. भागते याचे कारण असे की, ऐकू येणे हे सिग्नलच्या नुसत्या ताकदीवर ठरत नाही. सिग्नल आणि त्याच्या भोवतीची खरखर यांच्या गुणोत्तरावर ते ठरते. शाळेतला अपूर्णांक आठवावा. वर अंश, खाली छेद. अंशाच्या जागी सिग्नल, छेदाच्या जागी खरखर. अंश अगदी बारीक असला तरी छेद त्याहून बारीक असेल तर भागाकार भरघोस येतो. आणि अंश डोंगराएवढा असूनही छेद तितकाच असेल तर हाती काही लागत नाही. फोनवरच्या काड्या मुख्यतः अंश दाखवतात. छेदाविषयी त्या फारसे बोलत नाहीत. मिरवणुकीत फसगत होते ती यामुळे.

माझ्या वडिलांकडे शेवटची सात-आठ वर्षे कानयंत्र होते. होते म्हणजे विकत आणलेले होते. बहुतेक वेळ ते सदऱ्याच्या खिशात असे. लग्नकार्यात कोणी ते लावण्याचा आग्रह केला की म्हणत, ‘सगळंच मोठं होतं रे त्यानं.’ त्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नव्हता, पण त्या चार शब्दांत वर्धकाचे सगळे शास्त्र आले. आवाज वाढवणारे साधे यंत्र निवड करीत नाही. पंगतीतल्या ताटांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि नातवाचा प्रश्न या सगळ्यांना ते सारख्याच पटीने वाढवते. वरही दहाने गुणले, खालीही दहाने गुणले. अपूर्णांक होता तिथेच राहिला. (आताची डिजिटल यंत्रे थोडीफार निवड करू पाहतात. वडिलांचे जुन्या पद्धतीचे होते.) एवढ्यावरही भागत नाही. प्रत्येक वर्धक आपल्या पदरची थोडी खरखर त्यात घालतो. म्हणून चांगला ग्राहक बांधताना साखळीतला पहिला वर्धक अतिशय पारखून घेतात. त्याने घातलेली भर पुढचे सगळे इमानेइतबारे मोठी करीत नेतात. गावात बातमी कशी फिरते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको.

मग या छेदात असते तरी काय? दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी. पहिली कोणाच्याच हातातली नाही. १९२८ साली अमेरिकेत जॉन जॉन्सन यांनी मोजून आणि हॅरी नायक्विस्ट यांनी गणिताने दाखवून दिले की, कोणत्याही वाहकात नुसत्या उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची जी अखंड चुळबुळ चालू असते तिचीच एक खरखर होते. तापमान निरपेक्ष शून्याला नेल्याखेरीज ती जात नाही. जेथे ऊब आहे तेथे थोडी खरखर राहणारच. हा निष्कर्ष मला कधी निराशेचा वाटला नाही. माणसामाणसांतले बोलणे पूर्ण स्वच्छ व्हावे ही अपेक्षाच मुळात सोडून द्यावी लागते, आणि ती सोडली की पुष्कळ घरगुती भांडणे हलकी होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे इतरांचे सिग्नल. येथे विषय भौतिकशास्त्राच्या हद्दीतून बाहेर पडतो. मिरवणुकीत माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा आपल्या आईला ‘उशीर होईल’ असे कळवत असेल. माझ्या संभाषणाच्या दृष्टीने त्याचे ते बोलणे ही खरखर. त्याच्या दृष्टीने माझे बोलणे ही खरखर. लहर तीच, एका अपूर्णांकात वर आणि दुसऱ्यात खाली. म्हणजे खरखर हे एखाद्या आवाजाच्या अंगचे लक्षण नाही. ते बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामधले नाते आहे, आणि ते नाव नेहमी ऐकणारा देतो.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना याचा अनुभव वेगळ्या वाटेने येतो. आमच्या मराठीला कानडीचा हेल आहे, खानापूरकडे कोकणीची छटा आहे. पुण्यात एखाद्या बैठकीत आमच्यापैकी कोणी बोलायला उठला की पहिली दोन मिनिटे लोक त्याचा हेल ऐकतात, मुद्दा नंतर. काही तर शेवटपर्यंत हेलच ऐकतात आणि हसरे चेहरे घेऊन घरी जातात. त्यांच्या लेखी हेल म्हणजे शब्दांवर चढलेली खरखर. आमच्या लेखी तो मजकुराचाच भाग असतो. त्यावरून माणूस निपाणीकडचा की खानापूरचा, घरात कोणती भाषा आणि बाजारात कोणती, हे आम्हाला कळते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याच कचेऱ्यांच्या खिडक्यांपाशी एखादी म्हातारी आपल्या बोलीत गाऱ्हाणे सांगत असते आणि आतला माणूस, मग तो मराठी असो की कन्नड, मान वर न करता म्हणतो, ‘गलबला करू नका.’ बाईचे बोलणे त्याच्या छेदात जाऊन पडलेले असते. तिने आवाज चढवला तर तो छेदच मोठा होतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे सीडीएमए नावाच्या पद्धतीचे फोन होते. त्या पद्धतीत सगळे एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी बोलत; प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळी सांकेतिक खूण जोडलेली असे आणि ग्राहक ती खूण ओळखून आपल्यापुरते वेचून घेई. अभियांत्रिकीच्या वर्गात हे समजावताना एक ठरलेले उदाहरण देतात : एका दालनात पुष्कळ जोड्या गप्पा मारीत आहेत, प्रत्येक जोडी वेगळ्या भाषेत, आपली भाषा तेवढी आपल्याला कळते, बाकीची नुसती कुजबुज. हे उदाहरण बेळगावच्या वर्गात मला कधी धडपणे देता आले नाही. आमच्या गणपत गल्लीत भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कानडीत आणि तिसऱ्याशी उर्दूत घासाघीस करते, आणि रांगेतल्या सगळ्यांना तिन्ही भाव कळतात. दुसऱ्याची भाषा आपोआप खरखर होते हे गृहीतक ज्याने केले तो बहुधा एका भाषेच्या गावात वाढला असावा. असो.

पण त्या पद्धतीतली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. टॉवरच्या पायथ्याशी उभा असलेला फोन आणि दोन मैलांवरचा फोन सारख्याच ताकदीने बोलू लागले तर जवळचा दूरच्याला साफ बुडवून टाकतो. दूरच्याने ताकद वाढवली की जवळचाही वाढवणार, आणि सगळ्यांचाच छेद फुगत जाऊन शेवटी कोणालाच काही ऐकू येणार नाही. यावर उपाय होता तो असा की, टॉवर प्रत्येक फोनला सतत सांगत राही, ‘जरा कमी कर’, ‘जरा वाढव.’ सेकंदाला आठशे वेळा. पुढे तिसऱ्या पिढीच्या जाळ्यांत पंधराशे वेळा. प्रत्येकाने कामापुरती, त्याहून किंचितही जास्त नाही, एवढीच ताकद वापरावी, यावर त्या जाळ्याचे सगळे आयुष्य उभे होते. जो जवळ आहे त्याने हळू बोलावे, म्हणजे लांबच्याला बोलता येईल. यंत्रांना हे सेकंदाला शेकडो वेळा बजावावे लागत होते हे ध्यानात घेतले म्हणजे माणसांविषयी फार कडवट होण्याचे कारण उरत नाही.

शिवाय ओरडण्यात फायदाही बेताचाच आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या गणिताप्रमाणे, दिलेल्या पट्ट्यातून बिनचूक किती माहिती जाऊ शकेल याची मर्यादा या गुणोत्तरावर ठरते, पण सरळ पटीत नाही. गुणोत्तर पंधरा असेल तर दर हर्ट्‌झमागे सेकंदाला चार बिट जातात. पाच हवे असतील तर गुणोत्तर एकतीस लागते. सहा हवे तर त्रेसष्ट. पुढच्या प्रत्येक पायरीला शक्ती जवळजवळ दुप्पट, आणि मिळकत तेवढीच एक. आपण मात्र चौकातल्या कर्ण्यांवर विश्वास ठेवून असतो. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. ती कोणत्या चौकात पाळली जाते हे वाचकांनी आपापल्या गावी तपासावे.

येथवर कोणी म्हणेल, ‘हे सगळे सौजन्याचे धडे झाले. हळू बोला, दुसऱ्याला बोलू द्या. यात तात्त्विक प्रश्न कोणता?’ प्रश्न आहे, आणि तो बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त लागू आहे. खरखर कानावर आली तर ऐकणाऱ्याचे कर्तव्य काय? त्यासाठी मला एका अपघाताकडे वळले पाहिजे.

२७ मार्च १९७७. अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफे बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कनारिया बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे बरीच विमाने या लहानशा तळावर वळवलेली होती. दाट धुके पसरले होते. नियंत्रण मनोऱ्याला धावपट्टी दिसत नव्हती आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर होती : डच केएलएम कंपनीचे विमान एका टोकाला उड्डाणासाठी तोंड करून उभे, आणि अमेरिकन पॅन ॲम कंपनीचे त्याच पट्टीवरून अजून सरकत येत असलेले. मनोरा आणि दोन्ही विमाने एकाच वारंवारतेवर बोलत होती. केएलएमच्या सहवैमानिकाने आपण उड्डाणाच्या बेतात आहोत अशा अर्थाचे काहीसे मोघम वाक्य उच्चारले. मनोऱ्यातून आधी ‘ओके’ असा शब्द आला. मग क्षणभर थांबून, उड्डाणासाठी थांबा, मी कळवतो, असे. नेमक्या त्याच वेळी पॅन ॲमच्या वैमानिकाने कळवले की आपण अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही वाक्ये एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कक्षात ‘ओके’ एवढे स्वच्छ पोचले आणि पुढे तीन-चार सेकंद नुसती कर्कश शिट्टी. विमान धावू लागलेच होते. त्या टकरीत ५८३ माणसे मेली.

येथे एकही सिग्नल दुबळा नव्हता. तिघांचीही यंत्रे ठीक होती, अंतर जेमतेम धावपट्टीएवढे. काड्या मोजल्या असत्या तर सगळ्या भरलेल्या निघाल्या असत्या. शिट्टीत बुडालेली दोन्ही वाक्ये एकच गोष्ट सांगत होती, थांबा; आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या छेदात जाऊन बसले. घातक ठरला तो स्वच्छ ऐकू आलेला शब्द. तो ऐकणाऱ्याच्या इच्छेशी जुळणारा होता, म्हणून पुढची शिट्टी ही नुसती कटकट ठरली.

पण ती शिट्टी काही सांगत नव्हती असे नाही. विमाने आजही एएम पद्धतीने बोलतात. या पद्धतीत दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचा मिळून एक कर्कश सूर निघतो. शब्द कळत नाहीत, पण दोन माणसे बोलली एवढे निश्चित कळते. एफएम पद्धतीत आवाज याहून कितीतरी गोड. पण तेथे ग्राहक जास्त ताकदवानाला धरतो आणि दुसऱ्याला मागमूस न ठेवता पुसून टाकतो. विमानांसाठी एएम टिकून राहण्याचे एक कारण हेही सांगतात. ज्यांनी रात्री मीडियम वेव्हवर रेडिओ ऐकला आहे त्यांना हा फरक कानाने ठाऊक आहे. अंधार पडला की दूरदूरची केंद्रे वातावरणाच्या वरच्या थरावरून उसळी घेऊन येत, आणि मराठी बातम्यांच्या खालून कुठल्याशा अनोळखी भाषेतले गाणे झिरपत राही. त्रास व्हायचा खरा. पण आपल्याखेरीज कोणी जागे आहे हेही समजायचे. म्हणून मला वाटते, खरखर हा पुष्कळदा एक निरोपच असतो : कोणीतरी बोलले, तुला समजले नाही. यावर करण्याजोगी गोष्ट एकच, पुन्हा विचारणे. बिनतारी यंत्रावर काम करणाऱ्यांच्या शिस्तीत ‘पुन्हा सांगा’ म्हणण्यात कमीपणा मानीत नाहीत.

त्या विमानाच्या कक्षातही एकाने विचारले होते. शिट्टी संपल्यावर मनोरा आणि पॅन ॲम यांच्यात झालेले पुढचे बोलणे तेथे ऐकू आले, आणि त्यावरून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली की ते दुसरे विमान अजून पट्टीवरून बाजूला झालेले नाही काय. कप्तानाने ठासून सांगितले की झाले आहे. कप्तान कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. दोन हातांवर बसलेल्या माणसाचा शब्द. मध्ये ना लहर, ना धुके, ना दुसरे केंद्र. तरी त्या अपूर्णांकाचा छेद इतका मोठा होता की शब्द पोचला नाही. त्यानंतर विमानवाहतुकीत शब्दांचे नियम कडक झाले, उड्डाण हा शब्द प्रत्यक्ष परवानगीखेरीज वापरायचा नाही असे ठरले, आणि कनिष्ठांनी शंका बोलून दाखवावी यासाठी वैमानिकांना वेगळे प्रशिक्षण देणे सुरू झाले. पहिला नियम लिहून काढता येतो. दुसऱ्याला वर्षे लागतात.

हातात धरायच्या बिनतारी संचांवर स्क्वेल्च नावाची एक कळ असते. ती एक उंबरठा ठरवते : याहून क्षीण जे काही येईल ते ऐकवूच नकोस. उंबरठा वर केला की संच शांत होतो, ड्युटीवरच्या माणसाला बरे वाटते; पण दूरच्या होडीतून कोणी क्षीण बॅटरीवर हाक मारीत असेल तर ती हाक त्या शांततेत नाहीशी होते, आणि काही नाहीसे झाले हेही कळत नाही. उंबरठा खाली आणला की रात्रभर फसफस ऐकत बसावे लागते आणि पहाटेपर्यंत माणूस इतका थकतो की खरी हाकही निसटते. कळ नेमकी कुठे ठेवावी हे कोणतेही समीकरण सांगत नाही. हाक हुकली तर काय जाईल आणि फसफस ऐकली तर काय जाईल, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो हिशेब नीतीचाच आहे. आणि बहुतेक वेळा कळ त्याच्या हातात असते ज्याची होडी बुडत नसते.

सगळेच ऐकत बसणे माणसाला शक्य नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. निवड लागतेच. जीपीएसचे उदाहरण निवडीच्या बाजूने फार मोठे आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारा तो सिग्नल जमिनीवर पोचतो तेव्हा उष्णतेच्या खरखरीच्याही खाली गेलेला असतो. तरी आपला फोन तो शोधून काढतो, कारण कोणत्या नक्षीचा संदेश येणार हे त्याला आधीच ठाऊक असते आणि ती नक्षी तो खरखरीवर ठेवून ठेवून ताडून पाहतो. आई रडण्याच्या शंभर आवाजांतून आपले मूल ओळखते ते काहीसे असेच. ऐकणाऱ्याची तयारी असली तर बोलणाऱ्याला ओरडावे लागत नाही. पण या युक्तीची मर्यादाही उघड आहे. जे अपेक्षित आहे तेच तिला सापडते. केएलएमच्या कप्तानानेही अपेक्षित तेच ऐकले होते.

म्हणून या विषयात मला अधिक जवळचे वाटतात ते कार्ल जान्स्की. ते न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत होते, आणि त्यांना नेमलेच होते छेद तपासायला : अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनला कोणकोणती खरखर आड येते ते शोधा. शेतात त्यांनी चाकांवर फिरणारा मोठा अँटेना उभारला आणि महिनोन्‌महिने खरखर ऐकली. १९३२ साली त्यांनी तिचे तीन प्रकार नोंदवले. एक जवळच्या विजांची, दुसरी दूरच्या विजांची, आणि तिसरी एक मंद, सतत फसफस, जिचे कारण कळेना. ती इतकी बारीक होती की फोनच्या कामाला तिचा फारसा उपद्रव नव्हता. सोडून दिली असती तर कोणी विचारले नसते. त्यांनी ती सोडली नाही. रोज ती चार मिनिटे आधी शिगेला पोचते असे त्यांच्या लक्षात आले. चार मिनिटांचा हा फरक सूर्याच्या घड्याळात बसत नाही, ताऱ्यांच्या बसतो. १९३३ साली त्यांनी जाहीर केले की ही फसफस धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेच्या मध्याकडून येते आहे. कंपनीला हवे ते उत्तर मिळाले होते, या खरखरीने धंद्याला धोका नाही. जान्स्कींना दुसऱ्या कामावर लावण्यात आले.